मध्यस्थी केंद्रातील चार बैठका: सावत्र आई, आम्ही दोघे आणि चौपन्न कलमे

कोकणातील एका जिल्हा न्यायालयाशी संलग्न असलेल्या मध्यस्थी केंद्रात २०२५ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात आमच्या कुटुंबाच्या चार बैठका झाल्या. वडिलांच्या मागे राहिलेले घर आणि आंब्याची बाग यांवरून आम्ही दोन भावंडे आणि आमची सावत्र आई यांच्यात चाललेला दावा तेथे मिटला. या सेवेविषयी मी सविस्तर लिहीत आहे, कारण असा वाद ज्यांच्या घरात आहे त्यांना तिची माहिती क्वचितच असते, आणि ज्यांचा वाद तेथे मिटला ते घरातली गोष्ट म्हणून गप्प राहतात. बैठकांत झालेले बोलणे गोपनीय असते. येथे त्यातले जे काही आले आहे ते घरातल्या तिघांच्या संमतीने आले आहे. केंद्राचे, गावाचे आणि माणसांचे नाव मात्र मी मुद्दाम देत नाही.

आमची आई १९९८ मध्ये गेली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. २००१ मध्ये त्यांनी दुसरे लग्न केले तेव्हा मी एकोणीस वर्षांची आणि भाऊ पंधरा वर्षांचा होता. नव्या आईला आम्ही मावशी म्हणू लागलो. भाऊ तिला ‘तू’ म्हणे, मी ‘तुम्ही’ म्हणत असे, आणि माझे ते तसेच राहिले. मावशीला मूल झाले नाही. माझे लग्न होऊन मी याच जिल्ह्यातील दुसऱ्या तालुक्यात आले, भाऊ नोकरीसाठी डोंबिवलीला गेला, आणि घर, वडील, विहीर, आंब्याची कलमे हे सगळे पुढची बावीस वर्षे मावशीने सांभाळले. वडील फेब्रुवारी २०२३ मध्ये, मोहोरावर फवारणी चालू असताना गेले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते.

त्यानंतर जे घडले त्यात माझा वाटा होता, तो आधी सांगितला पाहिजे. वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी लागते. भावाने ती ऑनलाइन भरली आणि सोबतच्या प्रतिज्ञापत्रात वारस म्हणून आम्हा दोघांचीच नावे घातली. त्यावर मीही सही केली. ‘जमीन आजोबांची, तिच्यात मावशीचा काय संबंध’ हे वाक्य आमच्या भावकीत इतक्या वेळा बोलले गेले होते की ते मला कायद्यासारखे वाटू लागले होते. फेरफाराची, म्हणजे सातबारावरील नावे बदलण्याच्या नोंदीची, नोटीस लागल्यावर मावशीने मुदतीत हरकत घेतली. नोंद तक्रारी प्रकरणांच्या वहीत गेली, मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली, लग्नाचा पुरावा पुढे आला आणि सातबारावर तिघांची नावे लागली. भावाला तो अन्याय वाटला, आणि आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या वकिलांनी वडिलोपार्जित मिळकतीत मावशीला हिस्साच नाही असा दिवाणी दावा २०२४ मध्ये दाखल करून दिला.

न्यायालयात जाण्याआधी गावात दोनदा बैठक झाली होती. त्या बैठका का फसल्या हे मला मध्यस्थी केंद्रात बसल्यावर उमगले. सख्ख्या भावांचा वाटपाचा वाद असला की गावची बैठक पुष्कळदा उपयोगी पडते, कारण पंच दोघांचेही तितकेच नातेवाईक असतात. सावत्र आईच्या बाबतीत तसे नसते. पडवीत बसलेले सगळे जण आमचे काका, आत्ये, चुलत भाऊ. त्यांतल्या निम्म्यांनी आमच्या आईच्या हातचे खाल्लेले. मावशीच्या बाजूने तिचा एक भाचा दूरच्या गावाहून येऊन ओटीच्या कडेला उभा होता आणि त्याला कोणी बसायलाही सांगितले नाही. बैठकीत कोणी वाईट बोलले नाही, तरी एका बाजूला भावकी आणि दुसऱ्या बाजूला एकटी बाई असताना जे ठरते त्याला तडजोड म्हणता येत नाही. ज्या खोलीत कोणीच कोणाच्या भावकीतले नाही अशी खोली मिळणे, हीच मला या सेवेची खरी किंमत वाटते, आणि पुढे मी जे गुणदोष सांगणार आहे ते सगळे या एका गोष्टीच्या मागून येतात.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण आणि सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी समिती यांनी १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ अशी नव्वद दिवसांची मोहीम देशभर घेतली होती. प्रलंबित दाव्यांतील मिटण्याजोगे दावे निवडून मध्यस्थीकडे पाठवायचे, असे तिचे स्वरूप होते आणि वाटपाचे दावेही त्यात होते. आमचा दावा त्या यादीत आला. आमच्याकडून मध्यस्थीची फी घेतली गेली नाही. मावशीला वकील मिळाला तो तालुका विधी सेवा समितीकडून, तोही विनामूल्य. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला हे साहाय्य तिचे उत्पन्न कितीही असले तरी मिळते, ही गोष्ट मावशीला गावातल्या अंगणवाडी सेविकेने सांगितली होती. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी ही माहिती मिळते.

आमच्या मध्यस्थ या वकिली करणाऱ्या बाई होत्या. पहिल्या बैठकीत त्यांनी कोणालाही गाऱ्हाणे सांगू दिले नाही, कागद मागितले. सातबारा, आठ अ, आजोबांच्या मृत्यूनंतरचा जुना फेरफार, ग्रामपंचायतीचा घराचा नमुना ८, आई आणि वडील या दोघांचेही मृत्यूचे दाखले, बागेचे गेल्या काही वर्षांचे करार, बँकेचे कागद. भाऊ रात्रभर तुतारी एक्स्प्रेसने प्रवास करून आला होता, त्यामुळे ‘कागद घेऊन पुन्हा या’ हे ऐकून तो चिडला. मलाही तेव्हा दिवस वाया गेल्यासारखे वाटले. दुसऱ्या बैठकीनंतर मात्र माझे मत पूर्ण बदलले.

दुसऱ्या बैठकीत बाईंनी दोन्ही वकिलांना समोरासमोर बसवले आणि ‘मी कायद्याचा सल्ला देणार नाही, तुम्ही दोघांनी मिळून या फळ्यावर हिस्से मांडा’ असे सांगितले. आमच्या वकिलांचे म्हणणे होते की मिळकत एकत्र कुटुंबाची आहे. मावशीच्या वकिलांचे म्हणणे होते की आजोबा १९७४ मध्ये, म्हणजे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू झाल्यानंतर मृत्युपत्र न करता गेले, म्हणून त्यांच्याकडून वडिलांना जे आले ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या निकालाप्रमाणे वडिलांचे स्वतःचे झाले. बाई म्हणाल्या, दोन्ही मांडा. मिळकत वडिलांची स्वतःची धरली तर कलम ८ प्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस तिघे: पत्नी, मुलगी, मुलगा. प्रत्येकी एकतृतीयांश. मिळकत एकत्र कुटुंबाची धरली, तर वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटप झाले असे कल्पनेने मानायचे. २००५ च्या दुरुस्तीमुळे मीही भावासारखीच सहहिस्सेदार. आणि आपल्याकडच्या परंपरेत बाप व मुले यांच्यात वाटप होते तेव्हा बापाच्या पत्नीला मुलाइतका हिस्सा मिळतो. म्हणजे चार सारखे हिस्से. त्यांतला वडिलांचा एकचतुर्थांश पुन्हा तिघांत वाटला जातो, म्हणून प्रत्येकाच्या हिश्श्यात एकबारांश वाढतो. तीन बारांश अधिक एक बारांश, म्हणजे पुन्हा एकतृतीयांशच.

फळ्यावर दोन रकान्यांखाली तोच आकडा उमटला तेव्हा खोलीत कोणी काही बोलले नाही. ज्या मुद्द्यावर आम्ही दोन वर्षे भांडलो, त्या मुद्द्याचा निकाल कोणत्याही बाजूने लागला असता तरी आमच्या घरात हिस्सा बदलणार नव्हता. प्रत्येक कुटुंबात हिशेब असाच येईल असे नाही. वारस किती, कोण आधी गेले, मृत्युपत्र आहे की नाही यावर तो बदलतो. पण दावा दाखल करण्याआधी हा हिशेब कोणीतरी आमच्यापुढे मांडायला हवा होता. तो न मांडल्याचा राग मला अजून आहे.

त्याच फळ्यावर मावशीचाही एक समज पुसला गेला. घर वडिलांनी बांधलेले होते, पण २०१५ पासून घरपट्टी मावशीच्या नावे येत होती, त्यामुळे घर आपलेच असे ती धरून चालली होती. ग्रामपंचायतीची ती नोंद कर आकारण्यासाठी असते; तिने मालकी ठरत नाही. सातबाराचेही तसेच आहे. फेरफार महसुली कामासाठी असतो आणि मालकीचा प्रश्न दिवाणी न्यायालयाचा, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. म्हणजे आम्ही मावशीचे नाव गाळून सातबारा करून घेतला असता तरी तिचा हक्क गेला नसता, आणि तिच्या नावाच्या घरपट्टीने आमचाही गेला नव्हता.

भावाच्या मनातली खरी भीती वेगळी होती आणि ती त्याने तिसऱ्या बैठकीत उघड केली. मावशीला एकतृतीयांश दिला तर तिच्या मागे तो तिच्या माहेरी, त्या भाच्याकडे जाईल, आणि आजोबांनी गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालून राखलेली बाग परक्याच्या हातात पडेल. ही भीती कोकणातल्या कितीतरी घरांत सावत्र आईच्या विरोधात उभी असते, म्हणून तिच्यावर जे सांगितले गेले ते येथे थोडे विस्ताराने देते. कलम १४ प्रमाणे स्त्रीला मिळालेल्या मिळकतीची ती पूर्ण मालक असते. ती विकू शकते, मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकते. परंतु ती मृत्युपत्र न करता गेली आणि तिला स्वतःचे मूल किंवा त्या मुलाची मुले नसतील, तर पतीकडून आलेली मिळकत कलम १५ प्रमाणे पतीच्या वारसांकडे परत येते, म्हणजे आमच्याकडे. सावत्र मुलगा हा स्त्रीच्या ‘मुलगा’ या शब्दात बसत नाही, तो पतीचा वारस म्हणून येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये स्पष्ट केले आहे. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: सावत्र आईला स्वतःचे मूल असेल, तर तिचा हिस्सा त्या मुलाकडेच जातो आणि सावत्र मुलांना त्यातले काही मिळत नाही. आमच्या बाबतीत मूल नव्हते, म्हणून भावाची भीती निम्मी निराधार होती. उरलेली निम्मी, म्हणजे विक्री आणि मृत्युपत्र, ही मात्र खरी होती आणि बाईंनी ती खोटी असल्याचे भासवले नाही.

त्यानंतर त्यांनी आम्हाला वेगवेगळे बोलावून घेतले. मावशीने आत काय सांगितले ते तिच्या परवानगीने त्यांनी बाहेर येऊन भावाला सांगितले. हिस्सा, टक्के, गुंठे यांतले ती काहीच बोलली नव्हती. तिने एवढेच विचारले होते: “माका आता खय धाडतलास?” चौसष्ट वर्षांच्या बाईने, जिने आमच्या वडिलांचे शेवटचे आजारपण एकटीने काढले तिने, हा प्रश्न मध्यस्थामार्फत विचारावा, आणि तो ऐकण्यासाठी आम्हाला न्यायालयाच्या इमारतीत यावे लागावे, याची मला फार लाज वाटली. भाऊ उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याने आधी घराचा विषय काढला, बागेचा नाही.

घराबाबत आमच्या वकिलांनी सुचवले की मावशीला हयातीपुरता राहण्याचा हक्क द्यावा आणि मालकी आम्हा दोघांची करावी. वाचायला हे सोयीचे वाटते, आणि पुष्कळ घरांत मृत्युपत्रे याच शब्दांत लिहिली जातात. मावशीच्या वकिलांनी त्यावर हरकत घेतली. स्त्रीला तिच्या आधीपासूनच्या हक्कापोटी, उदाहरणार्थ पोटगीच्या हक्कापोटी, मर्यादित हक्क म्हणून काही दिले तरी कलम १४ मुळे तो हक्क पूर्ण मालकीचा होऊ शकतो. १९७७ चा तुळसम्मा खटल्याचा निकाल याच मुद्द्यावरचा आहे. म्हणजे ‘हयातीपुरता’ हा शब्द लिहून पुढच्या पिढीसाठी नवा दावा पेरण्यापेक्षा जे खरे आहे ते सरळ लिहावे. शेवटी घर तिघांच्या नावे समान हिश्श्याने राहिले. मावशी तेथे राहील, तिच्या हयातीत आम्ही दोघे घराचे वाटप मागणार नाही, माजघर आणि मागची खोली आमच्या येण्याजाण्यासाठी मोकळी राहील, आणि कोणालाही आपला हिस्सा विकायचा झाला तर आधी उरलेल्या दोघांना विचारावे लागेल, असे ठरले. पहिल्या वर्गाच्या सहवारसांना असा अग्रहक्क कलम २२ मध्ये आहेच, तरी तो निवाड्यात शब्दांत आणून घेतला हे बरे झाले.

बागेच्या वाटपात या केंद्राचे काम मला सर्वांत उजवे वाटले. चौपन्न कलमे आहेत. तिघांत प्रत्येकी अठरा. भावाने तसे लिहूनही आणले होते. बाईंना आंब्यातले काही कळत नव्हते आणि त्यांनी ते मान्य केले. त्यांनी मावशीला प्रत्येक कलमाविषयी विचारायला सुरुवात केली, आणि मावशी अर्धा तास बोलत राहिली: कोणते कलम एका वर्षाआड धरते, कोणत्याला खोडकिड्याने पोखरले आहे, कोणत्या कोपऱ्यात खारे वारे लागून मोहोर करपतो, वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पाणी कावडीने न्यावे लागते. वडिलांच्या शिक्षकी वहीत तिने गेल्या काही वर्षांच्या पेट्यांचा कलमवार हिशेब लिहून ठेवलेला होता, हे आम्हा दोघांना तेव्हा प्रथम कळले. मग झाडांची संख्या बाजूला राहिली आणि पेट्यांवरून वाटप झाले. मावशीला घरालगतची, विहिरीजवळची वीस कलमे. भावाला सड्यावरची जुनी, भरपूर धरणारी पंधरा. मला मधल्या उतारावरची एकोणीस, ज्यांतली बरीच अजून लहान आहेत. विहिरीचे पाणी तिघांचे, आणि सड्यावर जाणारी पाणंद मावशीच्या तुकड्यातून जाते म्हणून तिची रुंदीही लिहिली गेली. कोकणात जमिनीपेक्षा वाटेवरून आणि पाण्यावरून जास्त भांडणे होतात, हे बाईंना न सांगता ठाऊक होते.

बँकेतल्या ठेवीवर मावशीचे नामनिर्देशन होते आणि ती रक्कम तिने काढली होती. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारते, मालक होत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याच्या संदर्भात १९८३ मध्ये घालून दिले आहे आणि बँक ठेवींनाही ते लागू केले आहे. मावशीने रुग्णालयाची देणी आणि उत्तरकार्याचा खर्च यांच्या पावत्या दिल्या. उरलेली रक्कम किरकोळ होती, ती आम्ही सोडली. कुटुंब निवृत्तिवेतन वारशात येतच नाही. ते नियमाप्रमाणे विधवा पत्नीचे असते, आणि तो विषय तेथेच संपला.

आईच्या दागिन्यांचा विषय मी काढला. पाटल्या आणि पुतळ्यांची माळ. कायद्याने पाहिले तर आई गेली तेव्हा तिचे वारस तिघे होते, वडील आणि आम्ही दोघे. वडिलांचा एकतृतीयांश त्यांच्या मागे पुन्हा तिघांत वाटला गेला, म्हणजे माझ्या आईच्या माळेत मावशीचा एकनवमांश हिस्सा होता. हा हिशेब ऐकून मला जे वाटले ते लिहिणे कठीण आहे. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी हे दागिने गहाण पडले होते आणि मावशीने बागेच्या पैशातून ते सोडवले होते, हे त्यानंतर समजले. तिने ते पुढच्या बैठकीला पिशवीतून आणले, टेबलावर ठेवले, आणि दुसरे काही न बोलता बाईंना म्हणाली की हे लिहिण्यात घेऊ नका.

तिसरी बैठक गणेश चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात होती. त्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२४ मध्ये भावाने वादामुळे गणपती चुलत्यांच्या घरी बसवला होता आणि वडिलांचे माजघर रिकामे राहिले होते. बैठक संपताना बाईंनी एका पानावर एवढेच लिहून घेतले की यंदा गणपती वडिलांच्या घरी येईल आणि यावरून कोणाच्याही हक्काला बाध येणार नाही. दाव्यात ही गोष्ट कोठेच नव्हती. तरीही शेवटचा मसुदा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात इतक्या सहज झाला, याचे श्रेय मी त्या अर्ध्या पानाला देते. सप्टेंबरमधील राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड नोंदली गेली आणि भावाने भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळण्याचा आदेश झाला. लोकअदालतीच्या निवाड्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही, त्यामुळे सही करण्याआधी तो पुन्हा पुन्हा वाचावा. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे काम कोल्हापूरला सुरू झाले आहे आणि दावा पुढे लढवला तर वरचे अपील आता जवळ आले असे भावाला कोणी तरी सांगितले होते. त्याला त्या अंतराचा मोह पडला नाही, ही मला समाधानाची गोष्ट वाटते.

आता उणिवा. केंद्राची जागा फार अपुरी आहे. एका मोठ्या खोलीत प्लायवूडचे आडोसे घालून तीन बैठका एकाच वेळी चालतात, आणि शेजारच्या नवरा-बायकोचे रडणे आम्हाला ऐकू येत होते तसे आमचेही त्यांना ऐकू गेले असणार. गोपनीयतेचे वचन देणाऱ्या सेवेत हे खपवून घेण्यासारखे नाही. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे; गुडघे धरलेल्या मावशीला प्रत्येक वेळी कठड्याला धरून चढावे लागले. अकराची वेळ असताना दोनदा आम्ही दीडपर्यंत बसून होतो. भावाने एका बैठकीला दृक्श्राव्य माध्यमातून हजर राहण्याची परवानगी मागितली, ती सोय नाही असे उत्तर मिळाले. मुंबईत राहणारा एक तरी वारस ज्या जिल्ह्यातल्या घराघरांत आहे, तेथे ही सोय सर्वांत आधी हवी. मोहिमेच्या नव्वद दिवसांचा ताणही जाणवला. शेवटच्या बैठकीत मसुदा इंग्रजीत आला आणि ‘अर्थ सांगतो, सही करा’ असे कार्यालयातून सुचवले गेले. मावशी सातवी शिकलेली आहे. आम्ही मराठी मसुद्याचा आग्रह धरला, बाईंनी तो उचलून धरला, आणि दोन दिवसांनी मराठी प्रत आली. हा आग्रह प्रत्येकाने धरावा. मराठी मसुदा वाचतानाच पाणंदीची रुंदी एका जागी चुकल्याचे मावशीच्या लक्षात आले.

निवाड्यानंतरचा रस्ता केंद्र दाखवत नाही, ही मला सर्वांत मोठी त्रुटी वाटते. निवाड्याची प्रमाणित प्रत, फेरफाराचा अर्ज, मग पोटहिश्श्याची मोजणी, मग स्वतंत्र सातबारा, असे हे टप्पे आहेत आणि प्रत्येकाचे कार्यालय वेगळे आहे. एका पानाचे मराठी माहितीपत्रक दिले असते तर आमच्या चार फेऱ्या वाचल्या असत्या. तडजोडीत दाव्याबाहेरची एखादी स्थावर मिळकत घातली तर तेवढ्यासाठी दस्त नोंदवावा लागू शकतो, हेही आधी सांगायला हवे. आमचा भातखाचराचा एक लहान तुकडा दाव्यात लिहायचा राहिला होता आणि त्यासाठी वेगळे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागले.

प्रत्येक वादासाठी ही सेवा योग्य आहे असे मी म्हणणार नाही. मृत्युपत्र खोटे असल्याचा आरोप असेल, तर दोन साक्षीदारांपैकी कोणी तरी न्यायालयात येऊन ते शाबीत करणे भागच असते. तो प्रश्न तडजोडीच्या टेबलावर सुटत नाही. पहिली पत्नी हयात आणि विवाह कायम असताना दुसरे लग्न झाले असेल, तर दुसरी स्त्री कायद्याने विधवा ठरत नाही, मात्र तिच्या मुलांना बापाच्या मिळकतीत हक्क असतो. अशा घरांनी आधी चांगल्या वकिलाकडून आपले स्थान नीट समजून घ्यावे. सावत्र आईला मारहाण झाली असेल, घराबाहेर काढले असेल, तर मध्यस्थीची वाट पाहत बसू नये. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात ‘आई’ या शब्दात सावत्र आई स्पष्टपणे समाविष्ट आहे, आणि तिला आपल्या विभागाच्या प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे थेट अर्ज करता येतो. मावशीच्या वकिलांनी तिला हे सांगितले होते. तो अर्ज तिने केला नाही. तो निर्णय तिचा होता, आणि तिने अर्ज केला असता तरी आम्हाला बोलायला जागा नव्हती.

मोजणी अजून व्हायची आहे. तारीख मिळाली आहे, आणि भाऊ त्यासाठी रजा घेऊन येणार आहे. निवाड्यात एक गोष्ट राहून गेली, ती आम्हाला घरी आल्यावर कळली: मावशीच्या आणि माझ्या तुकड्याच्या मधोमध, गडग्यावरच एक जुना कापा फणस आहे, आणि तो कोणाकडेच लिहिलेला नाही. मी मावशीला फोन केला. ती म्हणाली, खाली पडतील ते ज्याच्या बाजूला पडतील त्याचे, वरचे भाऊ काढील. मी म्हटले, “बरं, तू म्हणशील तसं.”